पाशवी, विकृत, की संस्कार कमी पडले? वाचकांचे प्रश्न आणि ताईंची उत्तरं

मागच्या अंकात आम्ही विचारलं होतं की माणूस दुसऱ्यावर हात उचलतो, कधी जीवच घेतो, ते नेमकं कशामुळे: मुळात तसा आहे म्हणून, डोक्यात बिघाड होतो म्हणून, की आजूबाजूचं कल्चरच तसं आहे म्हणून. पत्रं आणि मेल एवढे आले की सगळे छापणं शक्य नाही, त्यातले सहा घेतलेत. नावं मुद्दाम काढून टाकली आहेत.

प्रश्न : ताई, मला सरळ उत्तर हवंय. माझा मित्र म्हणतो की चिंपांझी बघ, तेसुद्धा टोळी करून खून करतात, म्हणजे हिंसा आपल्या रक्तातच आहे, उगाच समाजाला दोष देऊ नका. मला हे पटत नाही पण त्याला उत्तरही देता येत नाही.

उत्तर : तुमच्या मित्राची अर्धी गोष्ट खरी आहे म्हणून आधी तीच नीट सांगते. टांझानियात गोंबेच्या जंगलात जेन गुडॉल १९६० पासून चिंपांझींचं निरीक्षण करत होत्या आणि पहिली बरीच वर्षं त्यांना वाटायचं की हे प्राणी आपल्यापेक्षा भले आहेत. मग तिथल्या एका कळपात फूट पडली, दोन गट झाले, आणि १९७४ ते १९७८ या चार वर्षांत मोठ्या गटातल्या नरांनी लहान गटातले नर एकेक करून संपवले. एकटा सापडला की तिघा-चौघांनी मिळून त्याला धरायचं, मारायचं, चावे घ्यायचे आणि मरायला सोडून जायचं. आणि हे कोण, तर काही वर्षांपूर्वी शेजारी बसून एकमेकांचं अंग साफ करणारे. गुडॉलबाईंना हे पचवायला खूप वेळ लागला, रात्री झोपेत ती दृश्यं दिसायची असं त्यांनी स्वतःच लिहिलंय.

पण मित्राला विचारा की बोनोबोंचं काय? कांगो नदीच्या दक्षिणेला राहणारं हे वानर आपल्याला चिंपांझीइतकंच जवळचं आहे, दोघांचाही डीएनए आपल्याशी जवळपास ९९ टक्के जुळतो. बोनोबो काही साधुसंत नाहीत, त्यांचे नर आपापसात भरपूर भांडतात, पण टोळी करून शेजारच्या कळपातल्याला गाठून मारणं हा प्रकार त्यांच्यात आढळलेला नाही, उलट दोन कळप समोरासमोर आले तर बरेचदा एकत्र बसून खातात, आणि कोणी नर जास्तच दांडगाई करायला लागला तर माद्या एकी करून त्याला वठणीवर आणतात. मग दोन जवळच्या नातेवाइकांपैकी आपल्याला हवा तोच साक्षीला उभा करायचा, हा काही न्याय नाही.

२०१६ साली स्पेनमधल्या काही शास्त्रज्ञांनी तब्बल १०२४ प्रकारच्या सस्तन प्राण्यांची माहिती एकत्र केली, आपल्याच जातीच्या प्राण्याकडून मरण्याचं प्रमाण कुणात किती ते बघायला. सगळ्या सस्तन प्राण्यांचं सरासरी प्रमाण आलं ०.३ टक्के, आणि उत्क्रांतीच्या झाडावर माणूस ज्या फांदीवर बसलाय तिथून त्याचा अंदाज निघाला साधारण २ टक्के. म्हणजे आपण इतरांपेक्षा जास्त मारकुट्या घराण्यातले आहोत हे मान्य करायलाच हवं. आणि पूर्वीची माणसं निर्मळ होती, शेती आली राजे आले मग युद्धं आली, हे जे आपल्याला ऐकायला बरं वाटतं ते पण टिकत नाही. सुदानमध्ये जेबेल सहाबा इथे साधारण १३ हजार वर्षांपूर्वीची दफनभूमी सापडली, तेव्हा शेती नव्हतीच, तरी तिथल्या ६१ सांगाड्यांपैकी निम्म्याहून जास्त जणांच्या हाडांवर जखमा आहेत, काहींच्या जुन्या भरलेल्या आणि त्यावर पुन्हा नव्या.

आता मित्राची गाडी इथे अडते बघा. चौदाव्या शतकात इंग्लंडमध्ये दर लाख लोकांमागे वर्षाला वीसच्या आसपास खून व्हायचे, आज तिथे तो आकडा एकच्या आसपास आहे. सहाशे-सातशे वर्षांत जीन्स एवढे बदलत नाहीत, कायदा बदलला, कोर्टं आली, अपमान झाला की सुरा काढायचा ही रीत गेली. त्याहून मोठं उदाहरण इक्वाडोरच्या जंगलातल्या वाओरानी लोकांचं. त्यांच्या पिढ्यांची वंशावळ काढली तेव्हा दिसलं की निम्म्याहून जास्त माणसं भाल्याने किंवा दुसऱ्या कुठल्या हिंसेत मेलेली, सूडावर सूड, घरंच्या घरं संपलेली. १९५० च्या दशकाच्या शेवटी बाहेरच्या मिशनरी बायका आणि त्यांच्यातल्याच काही बायका मधे पडल्या, सगळे एकदम थांबले तर थांबता येईल हे गटागटाला पटत गेलं, आणि काही वर्षांत खून नव्वद टक्क्यांहून जास्त घटले. माणसं तीच, जंगल तेच. आणि याच प्रकारच्या जंगलात, शिकार आणि फिरती शेती करून राहणारे मलेशियातले सेमाई लोक मुलांना रागाचीच भीती घालून वाढवतात, त्यांच्यात खून जवळजवळ ऐकायलाच मिळत नाही.

म्हणून मित्राला एवढंच सांगा की हो बाबा, क्षमता रक्तात आहे, पण ती किती वेळा, कुणावर आणि कुठल्या निमित्ताने बाहेर येणार हे रक्त ठरवत नाही.

अजून एक, रिचर्ड रँगहॅम नावाचे अभ्यासक आहेत त्यांचा मुद्दा मला फार उपयोगी वाटतो. ते म्हणतात हिंसा दोन प्रकारची, एक भडकून केलेली आणि दुसरी ठरवून, थंड डोक्याने केलेली. भडकण्याच्या बाबतीत माणूस चिंपांझींपेक्षा कितीतरी शांत आहे, त्यांच्यात रोजच्या जगण्यात होणारी मारामारी आपल्यापेक्षा शेकडो पट जास्त असते. पण ठरवून, प्लॅन करून, दहा जणांनी मिळून एकाला मारायचं तर त्यात आपण तरबेज आहोत. हे लक्षात ठेवा, खाली चौथ्या प्रश्नात पुन्हा लागणार आहे.

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे, अकरा वर्षं झाली. गोळ्या वेळेवर घेतो, स्वभावाने गरीब आहे. पण कुठेही खुनाची बातमी आली की "माथेफिरू", "मनोरुग्ण" असे शब्द असतात आणि दुसऱ्या दिवशी शेजारचे लोक मुलांना आत बोलवून घेतात. मागच्या वर्षी काही पोरांनी त्यालाच मारलं. ताई, खरंच असे पेशंट धोकादायक असतात का? मला खरं उत्तर द्या, बरं वाटावं म्हणून नको.

उत्तर : तुमचं पत्र मी चार वेळा वाचलं. मी अशा कुटुंबांबरोबर बरीच वर्षं काम केलंय, तुम्ही लिहिलंय ते मी इतक्या घरांत बघितलंय की लिहिताना हात जड होतो. पण तुम्ही खरं मागितलंय तर खरं सांगते, कडू भागासकट.

कडू भाग हा की स्किझोफ्रेनियासारख्या आजारात, म्हणजे ज्यात भ्रम होतात, नसलेले आवाज ऐकू येतात, विशेषतः अगदी सुरुवातीला जेव्हा आजार ओळखलेलाच नसतो, उपचार सुरू नसतात, कोणीतरी आपल्या जिवावर उठलंय असा भ्रम झालेला असतो, आणि वर दारू किंवा ड्रग्ज असतील, तेव्हा हिंसेचा धोका सामान्य माणसापेक्षा वाढतो. हे नाकारून उपयोग नाही, कारण नाकारलं तर वेळेवर उपचारही होत नाहीत.

आता उरलेला, खूप मोठा भाग. अमेरिकेत हॉस्पिटलमधून घरी सोडलेल्या ११३६ पेशंटचा वर्षभर पाठपुरावा केला होता, १९९८ मध्ये त्याचे निष्कर्ष छापून आले. एका शहरात त्याच गल्लीत राहणाऱ्या शेजाऱ्यांशी तुलना केली तर ज्या पेशंटना व्यसन नव्हतं ते निर्व्यसनी शेजाऱ्यांपेक्षा जास्त हिंसक निघाले नाहीत. नशा आली की दोघांचंही प्रमाण वाढलं, पेशंटचं आणि शेजाऱ्यांचंही. आणि जेफ्री स्वान्सन यांनी मोठ्या लोकसंख्येवरून हिशेब मांडला की अमेरिकेतले गंभीर मानसिक आजार उद्या जादूने नाहीसे झाले तरी तिथली हिंसा फक्त ४ टक्क्यांच्या आसपास कमी होईल. बाकीचे ९६ टक्के ज्यांना कोणी मनोरुग्ण म्हणत नाही त्यांचे.

साधा विचार करून बघा ना. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात साधारण तीनशे माणसांमागे एकाला स्किझोफ्रेनिया आहे, आणि हे प्रमाण देशादेशांत थोडंफार कमीजास्त होतं, बस. पण खुनाचं प्रमाण? जपानमध्ये लाखामागे अर्ध्याहूनही कमी आणि काही देशांत तीसच्या वर. एवढा शंभर पट फरक आजाराने पडूच शकत नाही, कारण आजार सगळीकडे जवळपास सारखाच वाटलेला आहे.

आपल्या भाषेतच बघा, काही भयंकर घडलं की तीन शब्द तयार असतात. पाशवी, विकृत, आणि संस्कार कमी पडले. पाशवी म्हटलं की तो आपल्यातला माणूस राहत नाही, विकृत म्हटलं की तो आजारी ठरतो, आणि संस्कार म्हटलं की दोष दुसऱ्याच्या घरावर जातो. तिन्ही शब्दांनी बोलणाऱ्याला सुटल्यासारखं वाटतं, आणि त्यातल्या मधल्या शब्दाची किंमत तुमचा भाऊ चुकवतोय. माथेफिरू हा शब्द लिहिणाऱ्याने त्या आरोपीला तपासलेलं नसतं, त्याच्याकडे कुठला रिपोर्ट नसतो, तो फक्त "मला हे समजत नाही" एवढंच सांगत असतो, पण वाचणाऱ्याला वाटतं हे निदान आहे.

अपवाद असतात. १९६६ साली टेक्सासमध्ये चार्ल्स व्हिटमन नावाच्या तरुणाने युनिव्हर्सिटीच्या टॉवरवरून लोकांवर गोळ्या झाडल्या, आधी आई आणि बायकोला मारलं होतं, आणि चिठ्ठीत लिहून ठेवलं होतं की माझ्या डोक्याची तपासणी करा. केली, तर खरंच ट्यूमर निघाला. पण त्या ट्यूमरने हे सगळं घडवलं का यावर डॉक्टरांचं अजूनही एकमत नाही, आणि तसलेच ट्यूमर झालेली हजारो माणसं कुणाला बोटही लावत नाहीत.

तुम्हाला एक गोष्ट मुद्दाम सांगते कारण माझ्या मनातून ती जात नाही. मानववंशशास्त्रज्ञ टान्या लुरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्निया, घानातलं आक्रा आणि चेन्नई, प्रत्येक ठिकाणच्या वीस-वीस पेशंटना विचारलं की तुम्हाला जे आवाज ऐकू येतात ते काय म्हणतात. अमेरिकेतले बहुतेक सांगत होते की आवाज क्रूर असतात, मारामारी आणि युद्धाच्या गोष्टी करतात. चेन्नईत अनेकांना आपल्याच नातेवाइकांचे आवाज ऐकू येत होते, ओरडणारे पण सल्ला देणारे, घरातली कामं उरक म्हणून मागे लागणारे. आजार तोच, पण भ्रमात काय ऐकू यावं हेसुद्धा आजूबाजूच्या जगातून येतं. तेव्हा आजार एका डब्यात आणि कल्चर दुसऱ्या डब्यात असं ठेवताच येत नाही.

आणि धोक्याचं म्हणाल तर तो कुणाला आहे? जगात वर्षाला साधारण साडेचार लाख खून होतात आणि आत्महत्या सात लाखांहून जास्त. गंभीर मानसिक आजार असलेल्या माणसाने दुसऱ्याला मारण्यापेक्षा स्वतःला संपवण्याची शक्यता कितीतरी जास्त, आणि त्याने कुणाला मारण्यापेक्षा त्याने मार खाण्याची शक्यताही जास्त. तुमच्या भावाच्या बाबतीत नेमकं तेच झालंय. त्या पोरांची तक्रार झाली नसेल तर करा. आणि त्याची झोप कमी व्हायला लागली, संशय वाढला, गोळ्या नको म्हणायला लागला तर थांबू नका, त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे न्या. हे लोकांसाठी नाही, त्याच्यासाठी.

प्रश्न : माझी मुलगी अडीच वर्षांची आहे, दुसऱ्या मुलांना चावते, केस ओढते, हातातलं फेकून मारते. घरात कोणी कोणावर हात उचलत नाही, टीव्हीही लावत नाही. मग ती हे शिकली कुठे? पुढे जाऊन हिंसक होईल का?

उत्तर : कुठेच शिकली नाही, आणि घाबरू नका. कॅनडातले रिचर्ड ट्रॉम्ब्ले यांनी वर्षानुवर्षं मुलांच्या वाढीचा अभ्यास केला आणि त्यांना दिसलं की माणूस आयुष्यात सगळ्यात जास्त मारतो, चावतो, ढकलतो ते दोन ते साडेतीन वर्षांच्या वयात. टीनेजमध्ये नाही. फक्त तेव्हा हातात ताकद आणि हत्यार नसतं म्हणून आपल्याला ते हिंसा वाटत नाही. मारायला शिकवावं लागत नाही हो, न मारायला शिकवावं लागतं: थांबणं, बोलून मागणं, वाट बघणं. शाळेत जायच्या वयापर्यंत बहुतेक मुलं ते शिकतात.

तिने चावलं की लगेच हात धरून थांबवा, थोडक्यात सांगा की दुखतं, आणि हवं ते मागायचा शब्द द्या. तिला कळावं म्हणून उलट तिला चावून दाखवणं किंवा चापट मारणं हा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. स्वीडनने १९७९ मध्ये आईवडिलांनीही मुलांना मारायचं नाही असा कायदा केला, जगात पहिल्यांदा, आणि तिथली पिढी बिघडली नाही.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. एकटादुकटा खुनी समजू शकतो, पण नरसंहारात, दंगलीत शिकलेली, संसारी, चार लोकांत चांगली म्हणवली जाणारी माणसं मारायला जातात ते कसं? हजारो माणसं एकाच दिवशी वेडी होतात का?

उत्तर : सर, नाही होत. मला वाटतं या सगळ्या विषयातला सगळ्यात अवघड प्रश्न तुम्ही विचारलाय.

जुलै १९४२, पोलंडमधलं युझेफुव नावाचं गाव. जर्मनीच्या राखीव पोलीस बटालियन १०१ ला हुकूम आला की गावातले ज्यू गोळा करा, कामाच्या पुरुषांना वेगळे काढा आणि बाकीच्या बायका, मुलं, म्हाताऱ्यांना जंगलात नेऊन गोळ्या घाला. ही बटालियन म्हणजे निवडक कडवे नाझी नव्हते, बहुतेक जण हॅम्बुर्गचे, पस्तीस-चाळिशीचे, बंदरावरचे कामगार, ड्रायव्हर, कारकून, आघाडीवर पाठवायला वय जास्त म्हणून इकडे आलेले. त्यांचा प्रमुख मेजर ट्राप हुकूम वाचताना रडत होता असं त्या पोलिसांनी नंतर जबाबात सांगितलंय, आणि त्याने सगळ्यांसमोर म्हटलं की वयाने मोठे असलेल्यांपैकी ज्याला हे जमणार नाही त्याने पुढे यावं. पाचशेच्या आसपास माणसं होती. पुढे आले ते डझनभर. संध्याकाळपर्यंत अजून काही जण कुठे ना कुठे निसटले, पण मोठा भाग शेवटपर्यंत गोळ्या घालत राहिला, दीड हजार माणसं मारली. ज्यांनी नकार दिला त्यांना कुठलीही मोठी शिक्षा झाली नाही.

आता इथे निसर्ग म्हणायचा का? राग नव्हता, भीती नव्हती, समोरच्यांनी काही केलंच नव्हतं. आजार म्हणायचा का? एका शहरातल्या पाचशे मध्यमवयीन माणसांना एकाच पहाटे कुठला आजार होतो? दुसऱ्या महायुद्धानंतर चाललेल्या न्यूरेंबर्ग खटल्याच्या वेळी तुरुंगातल्या नाझी नेत्यांना तपासणारे मानसोपचारतज्ज्ञ डग्लस केली यांनाही वेड सापडलं नाही, आणि तेच त्यांना जास्त भयानक वाटलं. त्या पोलिसांना नंतर विचारलं तेव्हा अनेकांनी सांगितलं की भित्रा म्हणवून घ्यायचं नव्हतं, घाण काम सोबत्यांवर टाकून आपण बाजूला व्हायचं कसं असं वाटलं. बघा सर, सोबत्यांची साथ न सोडणं, ही आपण मुलांना शिकवतो ती चांगली गोष्ट. ती तिथे या कामाला लागली.

आणि समोरचा माणूस आधीच यादीतून खोडलेला होता. रवांडात १९९४ मध्ये शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसं मारली गेली, बरीचशी कोयत्यांनी, बरीचशी ओळखीच्यांकडून, आणि त्याआधी कित्येक महिने रेडिओवरून तिथल्या तुत्सी समाजाला "इन्येंझी" म्हणजे झुरळं म्हटलं जात होतं. दोन माणसं भांडली तर एकमेकांना शिव्या देतात, पण एका सगळ्या समाजाला किड्याचं नाव मिळालं आणि ते रोज माइकवरून ऐकू यायला लागलं की हे कोणी भडकलेल्या डोक्याने करत नाहीये, कोणीतरी बसून ठरवतंय. रँगहॅम म्हणतात ती थंड हिंसा ती हीच. तिला टोळी करण्याची निसर्गाने दिलेली ताकद लागते आणि शब्द, हुकूम, परवानगी देणारं कल्चर लागतं. आजाराची गरज नाही.

त्या डझनभर लोकांबद्दल मी फार विचार करते. ते कोणी हिरो नव्हते.

प्रश्न : नाव छापू नका. मी बायकोवर दोनदा हात उचललाय, दुसऱ्यांदा तिच्या ओठातून रक्त आलं. नंतर मी खूप रडलो. माझे वडील पण आईला मारायचे. हे आनुवंशिक आहे का, की मला काही मानसिक आजार आहे? राग आला की माझा कंट्रोलच जातो. कोणीतरी सांगितलं उशीला ठोसे मारत जा.

उत्तर : तुम्ही लिहिलंत हे चांगलं केलंत, पण मी तुम्हाला बरं वाटेल असं काही लिहिणार नाहीये.

कंट्रोल जातो म्हणता, तर प्रामाणिकपणे आठवा. साहेबाने चारचौघांत अपमान केला तेव्हा गेला होता का? तुमच्यापेक्षा दांडग्या माणसाने रस्त्यावर शिवी दिली तेव्हा? तिथे हात खाली राहतो आणि घरात उठतो, दार बंद असताना उठतो, तर कंट्रोल आहे, तो कुठे वापरायचा आणि कुठे नाही हे आत कुठेतरी ठरलेलं आहे. हे ठरणं तुमच्या लहानपणी घरात झालं असेल, मला तुमच्यातल्या त्या लहान मुलाबद्दल खरंच वाईट वाटतं. पण आज मार खाणारी ती आहे.

आनुवंशिक म्हणाल तर न्यूझीलंडमधल्या डनेडिन शहरात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या हजारभर मुलांचा आजपर्यंत अभ्यास चालू आहे. २००२ मध्ये त्यातून दिसलं की एमएओए नावाच्या जीनचा एक प्रकार असलेली मुलं मोठेपणी जास्त हिंसक निघाली, पण मुख्यतः तीच, ज्यांना लहानपणी मारहाण झाली होती. नुसत्या जीनने फारसं काही झालं नाही. नंतरच्या अभ्यासांत हे कधी दिसलं, कधी नाही. आणि बापाचा मार बघत वाढलेले बरेचजण पुढे कुणाला मारत नाहीत. म्हणजे धोका वाढतो हे खरं, पण आदेश मिळालेला नाही तुम्हाला.

डिप्रेशन, दारू, झोप न लागणं यातलं काही असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा, जरूर दाखवा, पण उपचार चालू आहेत म्हणून मारणं माफ असं तिला ऐकवू नका. उशीला ठोसे मारू नका. ब्रॅड बुशमन यांनी २००२ मध्ये प्रयोग करून बघितलं, राग आणणाऱ्या माणसाचा विचार करत ठोसे मारणारे जास्त भडकले, काहीच न करता बसून राहिलेले त्यापेक्षा शांत राहिले. छातीत धडधड सुरू झाली की घराबाहेर पडा, वाद जिंकायचा राहिला तरी चालेल. पुरुषांच्या हिंसेवर काम करणारा समुपदेशक शोधा, या आठवड्यात, आणि घरातल्या एका तरी मोठ्या माणसाला स्वतःच्या तोंडाने सांगा की मी हे केलंय.

माफी मागितली म्हणून तिने विसरावं ही अपेक्षा ठेवू नका. तिला माहेरी किंवा अजून कुठे राहायचं असेल तर अडवू नका. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाने २०२३ मध्ये जगात रोज सरासरी १४० बायका आणि मुली नवऱ्याच्या, जोडीदाराच्या किंवा घरच्याच कुणाच्या हातून मेल्या, आणि अशा कितीतरी घरांत त्याआधी एक पहिली थप्पड आणि एक दुसरी वेळ होऊन गेलेली असते. आणि हे तुमच्या बायकोसाठी: ताई, तुम्ही हे वाचत असाल तर तुम्ही त्यांच्या रडण्याकडे बघून निर्णय घेऊ नका, तुमच्या सुरक्षिततेकडे बघून घ्या.

प्रश्न : मी एकोणीस वर्षांचा आहे. हे सगळं वाचून वाटतं की काही बदलत नाही, एक गट थांबला की दुसरा सुरू होतो. खरंच कधी एखादा अख्खा समूह बदललाय का?

उत्तर : बदललाय रे. वाओरानींचं वर सांगितलंच. द्वंद्वयुद्ध घे, युरोप-अमेरिकेत दोनशे वर्षांपूर्वी मोठमोठे लोक अपमान झाला म्हणून पहाटे पिस्तुलं घेऊन उभे राहायचे, अमेरिकेतला मोठा नेता अलेक्झांडर हॅमिल्टन १८०४ मध्ये असाच जखमी होऊन दुसऱ्या दिवशी गेला आणि त्याला मारणारा तेव्हा देशाचा उपाध्यक्ष होता. नकार देणारा भेकड ठरायचा. इंग्लंडमध्ये शेवटचं जीवघेणं द्वंद्व १८५२ मध्ये झालं, त्यानंतर तीच गोष्ट लोकांना मूर्खपणा वाटायला लागली. स्कॉटलंडमधल्या ग्लासगोमध्ये २००५ साली पोलिसांनीच एक विभाग काढला आणि ठरवलं की सुरे घेऊन फिरणाऱ्या पोरांकडे साथीच्या रोगासारखं बघायचं, कुठून पसरतं, कोण मधे पडू शकतं, हॉस्पिटलात जखमी होऊन आलेल्या पोराशी त्याच वेळी कोण बोलेल, कामाला कोण लावेल. दहा वर्षांत स्कॉटलंडमधले खून जवळपास निम्म्यावर आले, सगळं श्रेय त्यांचंच असं नाही, पण त्यांचा वाटा मोठा आहे.

आणि मला सगळ्यात आवडणारी गोष्ट माणसांची नाहीच. केनियात मसाई माराला रॉबर्ट सापोल्स्की बबून माकडांचा एक कळप वर्षानुवर्षं बघत होते. बबून म्हणजे नरांची सतत मारामारी, मोठ्याने मधल्याला मारायचं, मधल्याने लहानाला, लहानाने मादीला. १९८० च्या दशकात शेजारच्या टुरिस्ट लॉजच्या उकिरड्यावर फुकटचं खाणं मिळायला लागलं, ते हिसकावायला कळपातले सगळ्यात भांडखोर नर रोज तिकडे जायचे, तिथल्या सडक्या मांसातून टीबी झाला आणि ते सगळे मेले. उरले ते शांत नर आणि माद्या. कळपात मारामारी कमी झाली, एकमेकांचं अंग साफ करत बसणं वाढलं. इथपर्यंत ठीक, भांडखोर मेले म्हणून शांतता आली. पण बबूनमध्ये तरुण नर आपला कळप सोडून दुसऱ्या कळपात जातात, त्यामुळे १९९३ पर्यंत त्या जुन्या शांत नरांपैकी एकही तिथे राहिला नव्हता, सगळे नर बाहेरून आलेले, नेहमीच्या मारकुट्या कळपांत वाढलेले. तरी कळप तसाच शांत होता. सापोल्स्कींना दिसलं की या कळपातल्या माद्या नव्या नराला इतर कळपांपेक्षा लवकर जवळ येऊ देत होत्या, त्याच्या शेजारी बसत होत्या, त्याच्या अंगातल्या उवा काढत होत्या, आणि काही महिन्यांत तोही मारणं कमी करत होता.